एका वर्षाची दुरुस्ती

माझ्या आजेसासूबाईंचा जन्म जपानमधल्या मेइजी राजवटीच्या ३३ व्या वर्षातला, म्हणजे इसवी सन १९०० चा. अमेरिकेतल्या दोन सरकारी कागदांवर मात्र त्यांची दोन वेगळी जन्मवर्षं होती. त्यापायी अर्ज, पुरावे आणि वाट बघणं या चक्रातून मी दोनदा गेले. पहिल्यांदा १९८९-९० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात डांबून ठेवलेल्या जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने भरपाई दिली तेव्हा. दुसऱ्यांदा २०२२ पासून, त्यांच्या छावणीतल्या फायली मागवताना. हे दुसरं काम २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुरं झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आता मराठी सून किंवा मराठी जावई असलेली जपानी-अमेरिकन घरं बरीच आहेत. त्यांतल्या तिघींनी मला विचारलं, "आजीची कॅम्पची फाइल कुठून मिळते?" फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून ठेवते.

माझं लग्न १९८७ चं. मी मूळची तासगावची. नवरा ओकलंडचा, जपानी-अमेरिकनांची तिसरी पिढी. घरात त्याची आई आणि आजी. आजीला सगळे बाचान म्हणत, मीही म्हणू लागले. बोलताना सासूबाईंच्या तोंडी सारखं यायचं, "हे कॅम्पच्या आधीचं", "ते कॅम्पनंतरचं". मला वाटायचं, मुलांची सुट्टीतली शिबिरं असतात तसलं काहीतरी असेल. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आई दहा वर्षांची होती. वाळवंटात होते ते. याहून जास्त मलाही माहीत नाही." त्याने कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

थोडक्यात हकिगत अशी. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरांतून काढलं. एक लाख वीस हजारांच्या आसपास माणसं. त्यांतली दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. आरोप नाही, खटला नाही. हातांत धरून नेता येईल तेवढंच सामान. आमच्या घरच्यांची ओकलंडमध्ये छोटी लाँड्री होती. तिची यंत्रं आठवडाभरात मिळेल त्या भावाला गेली. आधी सॅन ब्रुनोच्या टॅनफोरान रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात पाच महिने, मग यूटातल्या टोपाझ छावणीत तीन वर्षं. सुटताना माणशी पंचवीस डॉलर आणि रेल्वेचं तिकीट.

थोरले मामेसासरे टोपाझमधूनच सैन्यात गेले. आईवडील तारेच्या कुंपणात आणि मुलगा ४४२ व्या रेजिमेंटमध्ये, इटलीत. रिड्रेसच्या चळवळीवर घरात नियमित बोलणारे तेच एकटे. (भरपाईला इथे सगळे रिड्रेसच म्हणतात.) १९८१ साली चौकशी आयोगापुढे साडेसातशेहून जास्त लोकांनी साक्षी दिल्या, त्यांतलं सॅन फ्रान्सिस्कोचं कामकाज मामा जाऊन ऐकून आले होते. आयोगाने १९८३ मध्ये निष्कर्ष दिला की लष्करी गरज नव्हतीच. कारणं होती वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. हे वाक्य मामांना पाठ होतं.

१७ सप्टेंबर १९८७ ला अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहात, हाउसमध्ये, भरपाईचं विधेयक मंजूर झालं. मामांच्या रेजिमेंटच्या आकड्यावरून त्याला एच. आर. ४४२ असा क्रमांक दिला होता. २० एप्रिल १९८८ ला सेनेटने मंजुरी दिली तेव्हा मामा हॉस्पिटलमध्ये होते. मे महिन्यात ते गेले. रेगन यांची सही झाली १० ऑगस्टला. आणि कायद्यात लिहिलं होतं, त्या दिवशी हयात असलेल्यांनाच भरपाई. त्या दिवसानंतर कोणी वारलं तर पैसे नवरा-बायको, मुलं किंवा आईवडिलांना मिळणार, आधी वारलं तर काहीच नाही. माझ्या मते त्या कायद्यातली ही सगळ्यांत कठोर ओळ. बाचानने ती समजून घेतली आणि एवढंच विचारलं, "म्हणजे त्याला सॉरी म्हणणार नाहीत?"

रक्कम माणशी वीस हजार डॉलर आणि सोबत राष्ट्राध्यक्षांचं माफीपत्र. त्यासाठी न्याय खात्यात ऑफिस ऑफ रिड्रेस ॲडमिनिस्ट्रेशन हे कार्यालय उघडलं. चांगली गोष्ट ही, की माणसं शोधण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवरच टाकली होती. तरी आपण होऊन नाव-पत्ता कळवा, असं आवाहन होतं. १९८९ च्या मार्चमध्ये मी बाचान आणि सासूबाई दोघींची नावं पाठवली. हे काम माझ्याकडे का आलं, तर मुलगी सहा महिन्यांची होती आणि मी घरी होते. शिवाय माझे वडील तासगावच्या तहसील कचेरीत कारकून. एकाच माणसाची दोन नावं, सातबाऱ्यावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असली प्रकरणं घेऊन माणसं रविवारीही आमच्या ओसरीवर बसलेली असायची. कागदाला घाबरायचं नाही, एवढं मी त्या ओसरीवर शिकले होते.

बाचान मात्र घाबरत. सरकारचं पाकीट आलं की न फोडता बुत्सुदानच्या खणात ठेवून द्यायच्या. बुत्सुदान म्हणजे घरातलं बौद्ध देवघर. आपल्याकडे कोर्टाची नोटीस देव्हाऱ्यात ठेवतात, तसंच. शेवटी मी रोज दुपारी टपाल आलं की तो खण बघू लागले.

त्या वसंतात बौद्ध मंदिराच्या हॉलमध्ये अर्ज समजावून सांगण्याची बैठक झाली. दोनशे तरी म्हातारी माणसं असतील. माझ्या शेजारी पेरूहून आलेले एक गृहस्थ बसले होते. स्पॅनिश आणि जपानी बोलायचे, इंग्रजी कमी. लॅटिन अमेरिकेतून, मुख्यतः पेरूतून, बावीसशेहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने जहाजांत घालून आणलं आणि टेक्सससारख्या ठिकाणी कोंडलं होतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांचे पासपोर्ट काढून घेतले आणि मग बेकायदा प्रवेश केल्याची नोंद केली. १९८८ चा कायदा त्या काळी नागरिक किंवा कायदेशीर रहिवासी असलेल्यांपुरताच, म्हणून ते बाहेर. माझ्याकडचा कोरा नमुना त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. अशा लोकांचा खटला पुढे १९९८ मध्ये तडजोडीने मिटला. त्यांना पाच हजार डॉलर देऊ केले, आपल्या लोकांच्या एक चतुर्थांश. ते गृहस्थ तोवर होते की नाही, मला ठाऊक नाही.

वर्षभर काही हललं नाही. कायदा झाला तरी पैशांची तरतूद व्हायची होती. ती नोव्हेंबर १९८९ मध्ये झाली. पैसे वयाच्या क्रमाने, सगळ्यांत वृद्ध आधी, असं ठरलेलं होतं. दर महिन्याला मंदिरात कुणाच्या ना कुणाच्या अंत्यविधीला जाताना हा क्रम किती बरोबर आहे ते कळायचं.

१९९० च्या एप्रिलमध्ये बाचानचं पत्र आलं. मागितलेली कागदपत्रं तीन प्रकारची: सध्याचं नाव आणि पत्ता दाखवणारं, जन्मतारीख दाखवणारं आणि नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा. सोबत एक प्रतिज्ञापत्र, खोटं निघालं तर शिक्षा. बाचानला १९५४ साली नागरिकत्व मिळालं होतं. १९५२ पर्यंत जपानमध्ये जन्मलेल्यांना अमेरिकन नागरिक होता येतच नव्हतं. त्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर जन्मवर्ष १९००. ते जोडलं. मूळ प्रमाणपत्र पाठवण्याचा धीर झाला नाही. नोटरीकडे पाच डॉलर देऊन प्रत केली आणि रजिस्टर टपालाने पाठवली. तुम्ही कुठलंही जुनं सरकारी काम करत असाल तर मूळ कागद हातचा सोडू नका, आणि पाठवलेल्या प्रत्येक पानाची प्रत त्या तारखेच्या पाकिटात घरी ठेवा. माझी ती पाकिटं तीस वर्षांनी उपयोगी पडली.

जुलैत उत्तर आलं: छावणीच्या नोंदीत या नावाच्या बाईचं जन्मवर्ष १९०१ आहे. तीच व्यक्ती असल्याचा आणखी पुरावा द्या.

पत्र सभ्य होतं, दोन परिच्छेदांचं. पण बाचानला ते वाचून दाखवताना सासूबाईंचा आवाज चढला. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच पाहत होते. "तेव्हा यांना पुरावा लागला नाही. चेहरा पुरला. आता ती तीच आहे याचा पुरावा आम्ही द्यायचा?" बाचान गप्प. मग त्या उठून खोलीत गेल्या आणि पुठ्ठ्याचा एक टॅग घेऊन आल्या. पिवळा पडलेला, दोऱ्याचं भोक फाटलेलं, त्यावर पाच आकडी कुटुंब क्रमांक. ४२ साली प्रत्येकाच्या कोटाला आणि प्रत्येक बोचक्याला बांधला होता तो. पुरावा म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

टॅगचा फोटो जोडलाच, पण माझ्या डोक्यात होता कोसेकी. जपानमध्ये प्रत्येक घराची कौटुंबिक नोंदवही गावच्या कचेरीत असते, ती कोसेकी. बाचानचं माहेर हिरोशिमा प्रांतातलं, शहरापासून लांब, त्यामुळे कचेरी आणि दप्तर शाबूत. भाच्याला पत्र लिहिलं. त्याने नक्कल काढून विमानटपालाने पाठवली. ओकलंडहून पत्र टाकल्यापासून नक्कल हातात पडेपर्यंत पाच आठवडे. कचेरीची फी भाच्याने भरली आणि पैसे घेतले नाहीत. मंदिरातल्या भिक्षूंनी इंग्रजी भाषांतर करून सही दिली. त्यात लिहिलं होतं: मेइजी ३३, तिसरा महिना. आपल्याकडे शके १८२२ म्हटलं की ७८ मिळवून इसवी सन काढतात, तसंच तिथे सम्राटाच्या राजवटीचं वर्ष. मेइजी १ म्हणजे १८६८, म्हणून मेइजी ३३ म्हणजे १९००. त्यासोबत वडिलांच्या ओसरीवरून आठवला तसा मसुदा केला: "नोंदीतील आणि प्रमाणपत्रातील व्यक्ती एकच असून..." बाचानने त्यावर जपानीत सही केली आणि खाली इंग्रजीत नाव काढलं. नोटरीचे आणखी पाच डॉलर. १० सप्टेंबरला टपालात टाकलं.

९ ऑक्टोबर १९९० ला वॉशिंग्टनमध्ये पहिल्या नऊ वृद्धांना चेक दिले. टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांत थोरले रेव्हरंड मामोरू एटो, १०७ वर्षांचे. चाकाच्या खुर्चीत बसलेल्यांना चेक देताना ॲटर्नी जनरल थॉर्नबर्ग गुडघ्यावर बसले. बाचान पुढे वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "हा माणूस कोण?" सरकारचा सगळ्यांत मोठा वकील, असं नवऱ्याने सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आमचा चेक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. पत्रावर थोरल्या बुश यांची सही. पैशाने आणि शब्दांनी गेलेली वर्षं परत येत नाहीत, हे त्यात मान्य केलेलं होतं. सासूबाई एकेक वाक्य जपानीत सांगत गेल्या. 'माफी' या शब्दाशी थांबल्या, कारण जपानीत माफीचे शब्द बरेच, त्यांतला कुठला वापरायचा? बाचाननेच एक सुचवला. मोठ्या अपराधासाठी वापरतात तो.

पैशाचं एक व्यावहारिक सांगायला हवं, कारण तेव्हा त्यावरून फार अफवा होत्या. बाचानला वाटत होतं की एवढी रक्कम खात्यात आली की औषधपाण्याची सरकारी मदत बंद होईल. तसं नव्हतं. या रकमेवर प्राप्तिकर नाही आणि मदतीची पात्रता ठरवताना ती धरायची नाही, असं कायद्यातच होतं. मी त्या कलमाची प्रत काढून बँकेच्या पासबुकात ठेवली. त्या पैशांतून बाचानने थोरल्या मामांच्या थडग्याचा दगड बदलला, मंदिराला देणगी दिली आणि उरलेले पतवंडांच्या नावे केले. १९९३ मध्ये त्या गेल्या.

सासूबाईंचं काम सरळ झालं. कॅलिफोर्नियाचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, लायसन्स. वयाने लहान म्हणून क्रम उशिरा, ऑक्टोबर १९९२. शेवटी शेवटी निधी कमी पडणार म्हणून त्याच वर्षी अमेरिकन संसदेने वाढीव चाळीस कोटी डॉलर मंजूर केले होते. १९९९ मध्ये कार्यालय बंद झालं तोवर ८२,२१९ जणांना भरपाई मिळाली. सासूबाईंनी चेक भरला, पत्र घडी करून खणात ठेवलं, आणि छावणीचं बोलणं घरात पुन्हा थांबलं.

ते थांबलेलंच राहिलं असतं. पण २०२२ च्या जानेवारीत, नव्वदीत पाऊल टाकताना, सासूबाई मला म्हणाल्या, "माझी शाळेची प्रगतिपुस्तकं त्यांच्याकडे असतील का गं?"

असतात. छावण्या चालवणाऱ्या वॉर रिलोकेशन अथॉरिटीने माणसागणिक फाइल ठेवली होती. ती सगळी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, रेकॉर्ड ग्रुप २१० मध्ये आहे. मागवायची रीत सांगते. आधी घरबसल्या नाव शोधा. अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर स्थानबद्धांची एक लाखाहून जास्त नावांची यादी फुकट पाहता येते. तिथे नाही सापडलं तर छावण्यांच्या अखेरच्या हजेरीपटांत पाहा, आल्या-गेल्याच्या तारखा त्यांत आहेत. स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून बघा. जपानीतला दीर्घ ओकार इंग्रजीत कोणी नुसत्या ओने लिहितं, कोणी ओ-एचने. बायकांचं नाव सासरचं की माहेरचं, ४२ साली काय होतं ते धरा. कुटुंब क्रमांक मिळाला की अर्धं काम झालं. सासूबाईंना तो अजून पाठ आहे, ऐंशी वर्षांनी, न अडखळता.

मग ईमेलने विनंती. माणूस हयात असेल तर त्याची सही लागते. वारलेल्याचा मृत्युदाखला किंवा वर्तमानपत्रातली निधनवार्ता चालते. प्रत्येकाची फाइल वेगळी असते, म्हणून आम्ही चौघांच्या चार विनंत्या केल्या: सासूबाई, बाचान, आजेसासरे, थोरले मामा. १४ फेब्रुवारी २०२२ ला पाठवल्या. पोच लगेच आली. कोरोनामुळे आधीची कामं तुंबलेली, त्यामुळे सात महिने काही नाही. मी दोन महिन्यांनी एकदा सौम्य आठवण करत होते, त्याहून जास्त नाही. सप्टेंबरअखेर पानांची संख्या आणि बिल आलं: चौघांची मिळून २४१ पानं, १९२ डॉलर ८० सेंट. पैसे भरल्यावर तीन आठवड्यांत प्रती आल्या.

एका बैठकीत वाचू नका, एवढंच सांगेन. आम्ही पहिल्या दिवशी तसं केलं आणि सासूबाई दोन रात्री झोपल्या नाहीत. मग ठरवलं, शनिवारी दुपारी, चहा झाल्यावर, जास्तीत जास्त दहा पानं.

प्रगतिपुस्तक होतं. टोपाझची शाळा, पाचवी. गणित उत्तम. शेऱ्यात 'शांत मुलगी'. सासूबाई म्हणाल्या, "शांत नव्हते मी. घाबरले होते." एप्रिल १९४३ मध्ये कुंपणाजवळ फिरणारे ६३ वर्षांचे वाकासा नावाचे गृहस्थ पहारेकऱ्याच्या गोळीने मेले, त्या वसंतातलं ते पुस्तक. त्यानंतर आईने कुंपणाच्या बाजूला खेळायला जाऊ दिलं नाही, हे त्यांनी त्या शनिवारी सांगितलं. त्यांचा मुलगा पासष्टीला आलेला, त्यानेही ते पहिल्यांदा ऐकलं.

आजेसासऱ्यांच्या फाइलीत १९४३ ची निष्ठेची प्रश्नावली होती. अठ्ठाविसाव्या प्रश्नाचा मूळ मसुदा असा, की जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडली असं लिहून द्या. अमेरिकेचं नागरिकत्व मिळू न शकणाऱ्या माणसाने 'हो' म्हटलं तर तो कुठल्याच देशाचा राहत नव्हता. पुढे पहिल्या पिढीसाठी हा प्रश्न बदलला: अमेरिकेचे कायदे पाळाल का, असा. आजोबांच्या कागदावर आधीचं 'नाही' खोडून नव्या प्रश्नापुढे 'हो' आहे. खोडलेल्या शब्दाशेजारी त्यांची सही. बाचानच्या फाइलीत ओकलंडच्या गोदामात ठेवलेल्या सामानाची यादी निघाली. पायाचं शिवणयंत्र एक. ते छावणीत पाठवावं असा तीन वेळा केलेला अर्ज, दुसऱ्या कुणाच्या तरी सुबक इंग्रजी अक्षरात. यंत्र आलं होतं. सासूबाईंना त्याचा आवाज आठवला.

गेलेल्या लाँड्रीबद्दल मात्र या फायलींत काही नाही. त्याचे कागद आमच्याच घरी होते. मालमत्तेच्या नुकसानभरपाईच्या १९४८ च्या कायद्याखाली आजोबांनी १,९०० डॉलर मागितले, मिळाले ४००. सगळ्या देशातच तसं झालं: सुमारे १४.८ कोटी डॉलरच्या दाव्यांवर ३.७ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम वाटली गेली.

आणि मग, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, बाचानचा प्रवेशाच्या वेळचा फॉर्म २६. जन्मवर्ष १९०१. समासात पेन्सिलीने बारीक 'एम ३३' आणि त्याखाली बेरीज: १८६८ अधिक ३३. मी ते पान कितीतरी वेळ बघत राहिले. बाचानने वर्ष बरोबर सांगितलं होतं. लिहिणाऱ्याने १८६८ मध्ये ३३ मिळवले, १८६७ मध्ये मिळवायला हवे होते. १९९० साली नव्वद वर्षांच्या बाईकडून आम्ही प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं, ते या बेरजेपायी. नवरा म्हणाला, झालं ते झालं. मला तसं वाटलं नाही. भरपाईसाठी वर्ष दुरुस्त झालं तरी छावणीची यादी तशीच होती, आणि पुढे जो कोणी नावं गोळा करील तो तिथूनच घेणार होता.

तसंच झालं होतं. लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयात २०२२ पासून इरेइचो नावाचा मोठा ग्रंथ ठेवला होता. स्थानबद्ध केलेल्या सगळ्यांची नावं, १,२५,२८४. आपल्या माणसाच्या नावाखाली जाऊन छोटा निळा शिक्का उमटवायचा. वेळ आधी ठरवून घ्यावी लागायची. नावं वयाच्या क्रमाने आहेत, सगळ्यांत थोरले आधी. आम्ही १३ एप्रिल २०२४ ला गेलो. ओकलंडहून गाडीने सात तास, मध्ये दोनदा थांबून. सासूबाईंनी वडिलांच्या, भावाच्या आणि स्वतःच्या नावाखाली शिक्का उमटवला. हात थरथरत होता, पण मदत घेतली नाही. बाचानचं नाव १९०१ मध्ये जन्मलेल्यांत सापडलं. तिथेही शिक्का उमटवला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "हे तुझं काम," म्हणाल्या.

नावांमधल्या चुका या ग्रंथाच्या प्रकल्पाला कळवता येतात. दुरुस्तीसाठी मी १९९० चं पाकीट काढलं: कोसेकीची नक्कल, भिक्षूंचं भाषांतर, नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र. त्यात पेन्सिलीच्या बेरजेचं पान घातलं आणि चूक कशी झाली ते सहा ओळींत लिहिलं. खर्च काही नाही. एप्रिलअखेर पाठवलं, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं: जन्मवर्ष १९०० असं दुरुस्त केलं आहे.

मध्यंतरी सासूबाईंनी मला विचारलं होतं, तुमच्याकडे असं झालं का? मी पुरंदरला कॉलेजात असताना दोनदा गेले होते. युद्धात तिथे जर्मन कुटुंबांना ठेवलं होतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. मलाया-सिंगापूरहून आणलेल्या जपानी नागरिकांना इंग्रजांनी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आणि मग राजस्थानातल्या देवळीला कोंडलं होतं. आणि त्याच देवळीला १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सरकारने चिनी वंशाच्या भारतीयांना नेलं, आसामातून, दार्जिलिंगमधून, लहान मुलांसकट. त्यांना माफीचं पत्र आलेलं नाही. मी सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांच्या फायली आहेत?" मला उत्तर देता आलं नाही.

दुरुस्तीच्या उत्तराची प्रत काढून बुत्सुदानच्या खणात ठेवली आहे, बुश यांच्या पत्राखाली. कोसेकी स्कॅन करून तिन्ही नातवंडांना पाठवली. थोरल्या मामांच्या फाइलीतली शेवटची चौदा पानं, इटलीहून छावणीत आलेल्या पत्रांच्या नोंदी, अजून वाचायची आहेत. सासूबाई म्हणाल्या, या शनिवारी नको, पुढच्या.